राजवाड्यातला अर्धा कप

वन्सं,

शनिवारी तुमचा तेरावा झाला. खरा तेरावा दिवस सोमवारी येत होता, पण कामाच्या वारी इथे कोण येणार? सगळ्यांच्या मीटिंगा, मुलांच्या शाळा. एडिसनच्या देवळातल्या गुरुजींनाही शनिवारच मोकळा होता. म्हणून आम्ही तुम्हाला दोन दिवस आधीच वाटेला लावलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अमेरिकेत मेलेल्या माणसालाही वीकेंड बघून जावं लागतं." मला ते अगदी तुमच्या आवाजात ऐकू आलं आणि मंत्र चालू असताना मी फिस्सकन हसले. सुधीरने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. तुमचाच भाऊ तो. हसण्याच्या जागा त्याला कधीच कळल्या नाहीत.

नंतर सगळे तुमच्याबद्दल बोलले. किती सुगरण होत्या, किती हौशी, मोहनराव अचानक गेल्यावर किती धीराने राहिल्या. कोणी खोटं बोललं नाही. पण मला आपलं वाटत होतं, हे कोणा तिसऱ्याच बाईंबद्दल चाललंय. सात वर्षं माझ्या ओट्यावर हक्काने कोथिंबीर निवडत बसणारी आणि माझ्या फोडणीला नाक मुरडणारी माझी नणंद त्यात कुठेच नव्हती. मला बोलायला सांगितलं, तर मी नाही म्हणाले. मला एक प्रश्न विचारायचा होता, आणि तोही तुम्हालाच. हे वेस्ट विंडसरचं घर तुम्हाला कधी आपलं वाटलं का? की सात वर्षं तुम्ही माझ्याकडे पाहुण्या म्हणूनच राहिलात?

नणंद-भावजयीत असलं काही तोंडाने विचारायची पद्धत नाही. आपण भाजीत मीठ जास्त झालंय यावरून भांडायचं, आणि ज्यावरून भांडायला हवं ते पोटात ठेवायचं. म्हणून आता लिहितेय. उत्तर द्यायची घाई नाही.

तुम्ही आलात तो दिवस आठवतो. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये बर्फाचे काळे ढीग पडलेले, आणि तुमच्या अंगात पुण्याच्या थंडीचा स्वेटर. मोहनरावांना जाऊन तीनेक वर्षं झाली होती, तोवर तुम्ही कोथरूडला एकट्या होतात. सुधीरने कोणे एके काळी तुमच्या ग्रीन कार्डचा अर्ज करून ठेवला होता. आम्ही तो विसरूनही गेलो होतो, आणि त्याचा नंबर नेमका तेव्हा लागला. दोन बॅगा घेऊन तुम्ही घरात शिरलात. एका बॅगेत गाऊनमध्ये गुंडाळलेली ती चोचीची पितळी किटली होती, तुमची दल्ला. सव्वीस वर्षं अबू धाबीत काढून तुम्ही तेवढी एकच वस्तू आणली होती.

मी चहा केला. मी नागपूरची. आमच्याकडे चहा द्यायचा म्हणजे कप काठोकाठ भरायचा, बशीत दोन थेंब सांडले तर सांडू द्यायचे, नाहीतर हात आखडला असं वाटतं. तुम्ही कपाकडे बघितलंत. जरा जास्तच वेळ बघितलंत. मग उठलात, गॅसपाशी गेलात आणि अर्धा चहा परत पातेल्यात ओतलात.

बाप्पा, काय संतापले मी! मायेने दिलेला चहा कोणी पातेल्यात ओततं का? लग्न होऊन पुण्याच्या घरात आल्यापासून 'चहा घेऊनच आला असाल ना' छापाचे सगळे विनोद मी ऐकले होते. त्या दिवशी माझी खात्रीच पटली. त्याच दिवशी बहिणीला फोन करून सांगितलं, आखातात एवढी वर्षं काढली पण नणंदबाईंचं पुणं काही सुटलं नाही बघ. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळी लवकर उठून चहा केलात, तर माझ्यापुढे अर्धाच कप. माझंच घर, माझंच दूध, आणि मलाच अर्धा! मी उठले आणि उरलेला कप स्वतः भरून घेतला.

असं पुढे वर्षानुवर्षं चाललं. मी भरायची, तुम्ही परत ओतायच्यात. तुम्ही अर्धा द्यायच्यात, मी उठून भरायची. सुधीर म्हणायचा, यार, दोन मोठे मग घ्या आणि काय तो हिशेब मिटवा. आमची ईशा कॉलेजला ॲन आर्बरला जाईपर्यंत रोज हा तमाशा बघायची आणि म्हणायची, "यू गाइज आर सो वीअर्ड." ती जन्मली इथे. तिला वाटलं असणार, नणंद-भावजयीचा हा काहीतरी धार्मिक विधी असावा.

आपलं दुसरं भांडण अबू धाबीचं. तुम्ही बोलताना सहज 'आमच्याकडे' म्हणायच्यात आणि मला वाटायचं पुणे, तर निघायचं अबू धाबी. आमच्याकडे खजूर असा नसतो. आमच्याकडे शेजारीण ताट झाकून पाठवते. एडिसनला ओक ट्री रोडवर आपण वेलची घ्यायला जायचो, तर तुम्ही दुकानात पाकीट नाकाला लावून, आमच्याकडे हिचा वास दारापर्यंत यायचा, म्हणून ते परत ठेवायच्यात. माझं डोकं फिरायचं. मी म्हणायची, अहो, कसलं आमच्याकडे? त्या देशाने तुम्हाला कधी आपलं म्हटलं? दर दोन-तीन वर्षांनी व्हिसावर शिक्का मारून घ्यावा लागायचा ना? तुम्ही म्हणायच्यात, शिक्का वेगळा, वैजू. पुढे काही सांगायच्या नाहीत. भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता हे भांडण अर्धवट सुटायचं.

मग धाकट्या दिरांच्या मुलाचं लग्न निघालं आणि पुण्याला जाताना अबू धाबीत आपल्याला एक अख्खा दिवस मिळाला. तुम्ही विमानात झोपलाच नाहीत. मोहनरावांबरोबर पहिल्यांदा निघाला होतात तेव्हाही अशाच जागत बसला असणार. तुम्हाला फक्त एक घर बघायचं होतं, उम्म राशीदचं. उम्म म्हणजे आई, राशीदची आई, हे तुम्ही मला शंभर वेळा सांगितलं होतं. तुमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत ती राहायची. टॅक्सीवाला पेशावरचा होता आणि तुम्ही त्याला तुमच्या हिंदी-अरबी खिचडीत रस्ते सांगत होतात. डावीकडे मशीद, मग इस्त्रीवाला, मग कडुनिंब. मशीद सापडली. इस्त्रीवाला, कडुनिंब, तुमची बिल्डिंग आणि उम्म राशीदचं घर, काही सापडलं नाही. तिथे एक काचेचा टॉवर होता. त्याच्या वॉचमनने सांगितलं, इथले जुने लोक कधीच गावाबाहेर नव्या घरांत गेले. तुम्ही उन्हात उभ्या राहिलात. पदर डोक्यावर घेतलात आणि म्हणालात, चला, झालं बघून.

सुधीरला असं काही झालं की कुठेतरी तिकीट काढून आत शिरायचं असतं. तो म्हणाला, नवा राजवाडा लोकांना बघायला उघडलाय, तिथे जाऊ. तुम्ही कुरकुरलात. तुमच्या वेळी तो नव्हता. जो राजवाडा आपल्यामागे उगवला तो आपण काय बघायचा, असं तुमचं म्हणणं. पण आलात.

काय होता हो तो राजवाडा! पांढराशुभ्र, इतका मोठा की मान वर करून करून मला माझा मानेचा पट्टा आठवला. मधल्या घुमटाखाली उभं राहिलं की आपण परातीखाली सापडलेल्या मुंगीएवढे. निळ्या-सोनेरी नक्षीच्या भिंती, खोलीएवढं झुंबर. सुधीर फोन आडवा धरून, उभा धरून फोटो काढत सुटला. तुम्ही मात्र हातातली पर्स पोटाशी धरून त्या गाइड मुलीच्या मागे मागे. काळ्या पायघोळ अबायातली विशीची पोरगी, तिथलीच. ती इंग्रजीत छान सांगत होती. हे सगळे वाळवंटातले आणि समुद्राकाठचे लोक वेगवेगळे कसे राहायचे आणि मग त्यांचा एक देश कसा झाला. शेख गोल बैठकीत कसा बसायचा आणि कोणीही उठून त्याच्यापुढे आपलं गाऱ्हाणं कसं मांडायचं. मोत्यांसाठी पाण्यात बुडी मारणारे लोक नाकाला चिमटा आणि पायाला दगड बांधून कसे खाली जायचे, आणि उन्हाळाभर घरी यायचे नाहीत. तुम्ही शाळेतल्या बाईंसारख्या मान डोलावत होतात, म्हणजे मुलगी बरोबर सांगतेय.

मोत्यांचा विषय निघाल्यावर तुम्ही मला कोपराने ढोसलंत. उम्म राशीदचे वडील अशाच बुड्या मारायचे. तिचं लहानपण खजुराच्या झावळ्यांच्या घरात गेलं. आणि मोती विकायला जायचे कुठे, तर मुंबईला. मी म्हणाले, काहीतरीच काय. तुम्ही त्या मुलीला विचारलंत. ती हसून म्हणाली, हो, माझे आजोबाही बंबईला जायचे, आणि इथे तेव्हा तुमचाच रुपया चालायचा, आजोबा शेवटपर्यंत रुपये आणि आणेच मोजायचे. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू त्या पोरीला तुम्हीच पढवून आणलं होतं. वन्सं, खरं सांगते, तेव्हा मला गंमत वाटली. एवढ्या सोन्या-संगमरवरात कुठेतरी मुंबईचे दोन आणेही आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

पण माझी जीभ गप्प बसते थोडीच. पुढच्या दालनात देशोदेशीच्या राजांनी दिलेल्या भेटी मांडल्या होत्या, तलवारी, गालिचे, चांदीची जहाजं. मी म्हणाले, एवढा सगळा इतिहास मांडला, पण समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात मोहनरावांनी सगळी उमर घातली, ते कुठे आहेत यात? तुम्ही ऐकलंत. पुढच्या भेटीकडे वळलात. सुधीरने मला डोळ्यांनी दटावलं.

बाहेर अंगणात सावलीला गालिचा अंथरून बैठक केली होती. एक म्हातारे गृहस्थ पाहुण्यांना कॉफी देत होते. त्यांच्या डाव्या हातात तुमच्या दल्लासारखीच दल्ला, उजव्या हातात बिनकानाच्या इवल्या कपांची चळत. आपण टेकलो. मला तहान लागली होती, पाय तुटले होते. त्यांनी माझ्या हातात कप दिला, तर तळाशी दोन घोट. मी कपात बघितलं, राजवाड्याकडे बघितलं. एवढं मोठं घर आणि एवढीशी कॉफी! मी कप परत पुढे केला आणि म्हणाले, "फुल, प्लीज. फुल."

म्हाताऱ्यांचा हात थांबला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. तुम्ही भराभरा अरबीत काहीतरी बोललात. ते ऐकत गेले, मग छातीवर हात ठेवून मोठ्याने हसले, आणि माझ्या कपात पुन्हा दोनच घोट ओतले.

"भरलेला कप नकोशा माणसाला देतात, वैजू," तुम्ही म्हणालात. "प्या आणि निघा, असा त्याचा अर्थ. अर्धा दिला की पुन्हा ओतायला उठता येतं. पाहुणा बसून राहतो."

तिकडे सुधीर घामाघूम झाला होता. त्याने पाच-सहा कप रिचवले होते. तो सभ्यपणे कप पुढे करायचा आणि म्हातारे सभ्यपणे पुन्हा ओतायचे. तुम्ही म्हणालात, अरे, हलव तो कप. पोट भरलं की पाहुण्याने कप जरासा हलवून द्यायचा, नाहीतर तो ओततच राहणार. सुधीरने कप असा जोरात हलवला की उरलेली कॉफी शर्टावर. तुम्ही हसलात. मला हसू येईना. मला माझं स्वयंपाकघर दिसत होतं, तो पहिला दिवस, पुण्याचा स्वेटर, आणि काठोकाठ कपाकडे बघणाऱ्या तुम्ही.

"म्हणजे मी रोज..." मी म्हणाले.

"अगं, कळत होतं मला," तुम्ही म्हणालात. "तू मायेने भरतेस ते कळत होतं. पण डोक्याला कळतं ते पोटाला कळायला वेळ लागतो. नवरा गेलेला, घर गेलेलं, आणि समोर भरलेला कप."

मग मी सांगितलं की मी तो पुणेरीपणा समजले होते. बहिणीला फोन केला ते पण सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही ते म्हाताऱ्यांना अरबीत सांगितलंत. पुण्याचा चिकटपणा अरबीत कसा सांगतात देव जाणे, पण तेही हसले. आखाताच्या अंगणात बसून तीन माणसं कोथरूडला हसत होती.

आणि मग हसता हसता मी बोलून गेले. म्हटलं, मग मोहनराव गेल्यावर तुमचा व्हिसा कॅन्सल केला, घर सोडायला लावलं, तो भरलेला कपच होता ना?

तुम्ही हातातला कप गोल गोल फिरवत राहिलात. मला वाटलं, आता गेलं सगळं. पण तुम्ही शांतपणे बोललात. "तो सरकारने भरला. उम्म राशीदने नाही." मग तुम्ही ते सांगितलंत जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला तिच्याकडे गेलं की तुम्ही पाहुण्या, ती ओतायची, तुम्ही कप हलवायच्यात. एकदा तिच्याकडे बायका जमल्या होत्या. ती उठली, दल्ला तुमच्या हातात ठेवली आणि गप्पा मारायला जाऊन बसली. तुम्ही सगळ्यांना ओतलंत. तेव्हापासून बायका आल्या की तुम्हीच ओतायच्यात. "ज्याच्या हातात दल्ला तो घरचा," तुम्ही म्हणालात. "तू आमची, असं तोंडाने कोणी म्हटलं नाही गं. हातात दिली, बास."

मी तोंड उघडलं होतं, वन्सं. मग आपल्या घरी काय, हे विचारायला. तेवढ्यात सुधीर शर्ट पुसत आला, टॅक्सी उभी आहे म्हणाला, आणि आपण उठलो. तो माझा प्रश्न तिथल्या गालिच्यावरच राहिला.

परत आल्यावर मी अर्धा कप द्यायला शिकले. अजून देऊ का विचारायची, तुम्ही कप हलवून दाखवायच्यात. ईशाला फोनवर सगळं सांगितलं, तर ती एका सुट्टीत आली तेव्हा दुधाचा ग्लासही हलवून द्यायला लागली. पण एक गोष्ट मला सुचली नाही. घरी कोणी आलं की मी तुम्हाला म्हणायची, तुम्ही बसा हो वन्सं, मी देते. दर वेळी. मला वाटायचं, हा मान. मोठ्या नणंदेला कोणी कामाला लावतं का? तुम्ही बसायच्यात. मी ट्रे घेऊन फिरायची.

मग तुमचं दुखणं निघालं. फॅमिली रूममध्ये खिडकीपाशी तुमची कॉट लावली. शनिवार-रविवारी लोक यायला लागले, हातात डबे आणि तोंडावर काय बोलावं ते न सुचणारे चेहरे घेऊन. एका रविवारी बरीच मंडळी आली होती. मी चहाचा थर्मास आणि कप तुमच्या शेजारच्या टेबलावर ठेवले आणि डॉक्टरांच्या ऑफिसचा फोन आला म्हणून आत गेले. परत येऊन बघते तर तुम्ही उशांना टेकून सरळ बसलेल्या. दोन्ही हातांनी थर्मास धरून एकेकाला चहा ओतताय. प्रत्येक कप अर्धा. काळे काकूंनी आपल्या अर्ध्या कपात डोकावून बघितलं, तो चेहरा मला अजून दिसतो. माझा तसाच झाला होता राजवाड्यात.

मला मेलीला काय सुचावं? मी धावले. अहो वन्सं, तुम्ही कशाला, द्या इकडे. थर्मासला हात घातला. तुम्ही सोडला नाहीत.

"असू दे," तुम्ही म्हणालात. "मी देते."

मोठ्याने नाही, पण अशा आवाजात की मी हात काढला. मग सारवासारव म्हणून सगळ्यांना म्हटलं, आमच्या वन्सं पक्क्या पुण्याच्या आहेत हो. सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि हसताना माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागलाच नाही. संध्याकाळी पातेलंभर चहा उरला म्हणून कुरकुरले मात्र.

आणि ती शेवटची सकाळ. ईशा आदल्या दिवशी ॲन आर्बरहून गाडी चालवत आली होती आणि तुमच्या पायाशी बसून होती. चहा सुधीरने केला. त्याचा हात माझ्या वळणावर गेलेला. त्याने तुमच्यापुढे कप ठेवला, काठोकाठ.

ईशा एकदम म्हणाली, "डॅड, नॉट फुल!" सुधीर बिचारा भांबावून उभा राहिला. भाऊ तुमचा, पण त्याच्या लक्षात काही राहतं का? मला तो कप उचलून फेकून द्यावासा वाटला. वाटलं, माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याने तुम्हाला निघा म्हटलं.

तुम्ही कपाकडे बघत होतात. पहिल्या दिवशी बघितलं होतंत तसंच. पण या वेळी उठून गॅसपाशी जाता येणार नव्हतं. तुम्ही मला बोटाने खुणावलंत, तुझा कप आण. मी माझा रिकामा कप घेऊन जवळ गेले. तुम्ही दोन्ही हातांनी तुमचा उचललात, ईशाने कोपराला आधार दिला. मग तुम्ही तो हळूहळू माझ्या कपात ओतलात. थोडा पांघरुणावर सांडला. माझा अर्धा झाला, तुमचाही अर्धा राहिला.

"घे," तुम्ही म्हणालात.

मी घेतला. गोड करून ठेवला होता सुधीरने, नेहमीसारखा. तुम्ही तुमच्यातला एक घोट घेतलात आणि माझ्या कपाकडे बघत राहिलात. माझा संपला, तरी बघत होतात. मला वाटलं, थकवा असेल. मी रिकामा कप मांडीत धरून बसले आणि तुमचे केस मागे सारले. तुम्ही डोळे मिटलेत ते तुमचा अर्धा कप हातात धरूनच. दुपारी तुम्ही गेलात.

हे सगळं मला शनिवारी कळलं, वन्सं, आणि तेही पाटावर बसून नाही. सगळे गेल्यावर मी थर्मास विसळत होते. विसळता विसळता हात थांबले. ज्याच्या हातात दल्ला तो घरचा. मी ती तुमच्या हातात कधी दिलीच नव्हती. सात वर्षं मी तुम्हाला बसवून ठेवलं. आणि तुम्ही एका रविवारी काळे काकूंच्या आणि सगळ्यांच्या समोर ती माझ्या हातातून काढून घेतलीत. असू दे, मी देते. याहून मोठ्याने कोणी काय सांगायचं? मी नळ चालू ठेवून ओट्याशीच खाली बसले आणि रडले. सुधीर धावत आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, आनंदाने रडतेय. त्याला तेही कळलं नाही.

तुमची दल्ला मी देवघराशेजारच्या फळीवर ठेवली आहे. ईशाने मागितलीय. मी म्हटलं, नेशील, पण आधी ओतायला शिक. काल तिने तुमच्यासारखी वेलची कुटून कॉफी केली. सगळा मसाला तळाला बसला आणि कॉफी चोचीतून येईना. आमच्याकडे असं होत नाही, असं मी म्हणाले, आणि मग लक्षात आलं की मी काय म्हणाले. ते भांडण तुम्ही जिंकलात असं अजून मी मान्य केलेलं नाही. पुढे कधी भेटू तेव्हा बघू.

तेवढं एकच राहिलंय. त्या सकाळी ओतणाऱ्या तुम्ही होतात, म्हणजे घरच्या तुम्ही आणि पाहुणी मी. तुम्ही माझ्या कपाकडे बघत कशाची वाट पाहत होतात तेही आता कळलंय. पोट भरलं की पाहुण्याने कप हलवून द्यायचा असतो.

मी हलवला नव्हता, वन्सं.